सालीवरचा अर्ज: चित्र काढून जमीन परत मिळते का?

मुग्धा_कॅनबेरा

नमस्कार मंडळी. माझे वडील ३१ वर्षे तलाठ्याची नोकरी करून निवृत्त झाले. गेल्या महिन्यात ते आमच्याकडे आले असताना त्यांना येथील संसद भवन दाखवायला नेले. तिथे यिरकाला गावच्या योल्ङु या आदिवासी लोकांनी १९६३ साली पाठवलेले दोन अर्ज काचेआड ठेवलेले आहेत. बाबांनी बाकी काही फारसे पाहिले नाही. त्या अर्जांपुढे ते पाऊण तास उभे होते.

ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. यिरकाला हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. मार्च १९६३ मध्ये सरकारने तेथील राखीव प्रदेशातून ३०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी काढून घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना एका शब्दानेही विचारले नाही. ऑगस्टमध्ये त्या लोकांनी संसदेकडे अर्ज पाठवला, तो निलगिरीच्या जातीच्या एका झाडाच्या सालीवर. मधोमध टंकलिखित कागद चिकटवलेला आहे, त्यावर गुमाच भाषेत आणि इंग्रजीत मजकूर आहे. चारही कडांनी गेरू, कोळसा आणि पांढऱ्या मातीने रंगवलेले मासे, कासवे, साप आणि रेघांचे बारीक विणकाम आहे. योल्ङु समाजाचे धुवा आणि यिरिजा असे दोन भाग मानतात. एका सालीवर एका भागाची चित्रे आहेत, दुसरीवर दुसऱ्याची.

बाबा बराच वेळ कडा न्याहाळत राहिले आणि मग म्हणाले, "मुग्धा, हा यांचा सातबारा आहे. मधला कागद साहेबाला वाचता यावा म्हणून चिकटवलाय."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझे प्रश्न दोन आहेत. चित्राला जमिनीचा दस्तऐवज म्हणणे बरोबर आहे का? आणि अशा चित्रांमुळे खरोखर कुठे जमीन परत मिळाली आहे, की ती फक्त सरकारी भिंतींवर शोभून दिसतात?

वकीलसाहेब_शिरवळ

मुग्धाताई, विषय फार चांगला काढलात. तुमच्या वडिलांच्या अनुभवाचा पूर्ण आदर राखून माझा मतभेद नोंदवतो.

सातबारा हा मुळात मालकीचा दस्तऐवज नाही. तो महसुली अभिलेख आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, एवढेच तिचे बळ आहे. तो सरकार लिहिते, सरकारच्या सोयीसाठी लिहिते, आणि फेरफार झाला की नाव बदलते. योल्ङुंच्या सालीवर यांतले काहीही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर आणखी कठोर आहे. पहिल्या अर्जावर सह्या करणारे वयाने लहान आहेत, असा आक्षेप खात्याच्या मंत्र्यांनी घेतला. मग वडीलधाऱ्यांचे अंगठे घेऊन पुन्हा मांडणी करावी लागली. संसदेची समिती यिरकालाला जाऊन आली. भरपाई द्यावी आणि पवित्र स्थळे राखावीत, असे तिने सुचवले. तरीही खाण झालीच. हे लोक न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये हरले. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांची स्वतःची कायदाव्यवस्था आहे हे मान्य केले, पण जमीन त्या कुळाची (म्हणजे वंशाची) आहे असे म्हणण्यापेक्षा ते कूळ त्या जमिनीचे आहे असे म्हणणे अधिक सोपे, असा निष्कर्ष काढून मालकी नाकारली. म्हणजे साल संसदेत राहिली आणि जमीन खाणीत गेली. हे कटू आहे, पण घडले ते असे.

अनुराधा_के

"कूळ त्या जमिनीचे आहे" हे कारण देऊन जमीन नाकारली? हे वाक्य मी तीनदा वाचले. आमच्या कोकणात कुणी "आम्ही या मातीतले" म्हटले तर त्याचा दावा पक्का झाला असे आम्ही समजतो.

रेवा_पर्थ

वकीलसाहेबांनी जिथे गोष्ट थांबवली, तिथून पुढचे सांगते, कारण हे प्रकरण १९७१ मध्ये संपले नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रेट सँडी नावाचे वाळवंट आहे. तेथील वाल्माजारी, वांगकाजुंगा, मंगाला आणि जुवालिनी या भाषा बोलणारे लोक गुराढोरांच्या मोठ्या खासगी कुरणांवर आणि आसपासच्या वस्त्यांत विखुरले गेले होते. १९९२ च्या माबो निकालाने वसाहतीपूर्वीचा भूमिहक्क देशाच्या कायद्याने पहिल्यांदा मान्य केला आणि पाठोपाठ त्यासाठी कायदाही झाला. पण दावा मांडायचा तर कुणाचा संबंध कोणत्या भागाशी आहे हे इंग्रजीतून, कागदावर आणि वकिलांच्या क्रमाने सांगायचे होते. म्हाताऱ्या माणसांनी ठरवले की आपण रंगवून दाखवू. १९९६ मध्ये एक कॅनव्हास झाला, तो अपुरा वाटला. १९९७ मध्ये पिर्निनी येथे दुसरा अंथरला. तो साधारण दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद आहे, म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयाच्या मांडवाएवढा. सुमारे ४० जणांनी त्यावर बसून, प्रत्येकाने आपापला मुलूख रंगवला. त्याचे नाव 'न्गुरारा', म्हणजे आपले घर, आपला मुलूख.

त्या चित्रात सगळ्यांत महत्त्वाचे काय असेल, तर पाणी. 'जिला' म्हणजे कधीही न आटणारे पाणी, ज्याला आपण जिवंत झरा म्हणतो, आणि 'जुमु' म्हणजे हंगामी पाणी, वाळू उकरली की लागणारे. प्रत्येक जिलात एक पूर्वज वास करतो, त्याची गाणी असतात, आणि ती गाणी कोणी म्हणायची हे ठरलेले असते. कोणत्या पाण्याची गोष्ट तुम्ही सांगू शकता यावरून तुम्ही कुठले ते ठरते. त्या गोलाकार, वळणदार रंगांमधून एक सरळ रेघ मात्र आरपार गेलेली आहे. तो कॅनिंग स्टॉक रूट, गुरे हाकत न्यायचा सुमारे १,८५० किलोमीटरचा मार्ग. १९०६-०७ मध्ये त्याची पाहणी करताना पाण्याच्या जागा दाखवायला स्थानिक माणसांना गळ्यात साखळ्या घालून चालवले गेले. पुढे त्याच पाण्यांवर विहिरी बांधल्या. ती रेघ त्यांनी चित्रातून वगळली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

भूमिहक्काचे दावे ऐकणाऱ्या अधिकरणाची बैठक भरली तेव्हा हे चित्र जमिनीवर अंथरले गेले आणि दावेदारांपैकी एकेक जण आपल्या भागावर उभा राहून आपल्याच भाषेत बोलला. २००७ मध्ये न्यायालयाने त्याच पिर्निनीला येऊन ७०,००० चौरस किलोमीटरहून अधिक मुलखावर त्यांचा हक्क मान्य केला. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढा तो प्रदेश आहे. मुग्धा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

दत्ता_सांगली

रेवाताई, प्रतिसाद अतिशय आवडला. एक शंका मनात आली ती विचारतो. चित्रावर उभे राहून? आपल्याकडे कागदाला जरी पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. ज्या चित्रात पूर्वज आहेत, त्याच्यावर पाय ठेवताना त्यांना काही वाटत नसेल का?

रेवा_पर्थ

दत्ताभाऊ, फार चांगला प्रश्न. हाच प्रश्न मी येथील एका वयस्कर शेजारणीला विचारला होता. त्या वाल्माजारी आहेत, पण त्या कॅनव्हासशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी मलाच उलट विचारले की तू आपल्या गावी जातेस तेव्हा जमिनीवर पाय न ठेवता जातेस का? ते चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नव्हते. रंगवतानाही माणसे त्यावर बसलेली होती. मात्र दुसऱ्याच्या भागावर उभे राहून बोलायचे नाही, हा नियम तिथे कडक. म्हणजे आपल्याकडे जो मान पाय न लावण्यात आहे, तो त्यांच्याकडे आपल्याच जागेवर उभे राहण्यात आहे.

वकीलसाहेब_शिरवळ

न्गुराराची माहिती मला नव्हती, मनापासून आभार. तरीही एक मुद्दा सोडवत नाही. जमीन दिली ती १९९२ च्या निकालाने आणि त्यावर झालेल्या कायद्याने. तो कायदा नसता तर दहा मीटरच काय, शंभर मीटर कॅनव्हास रंगवूनही हाती काही लागले नसते. १९६३ आणि १९७१ त्याचे साक्षीदार आहेत. १९८८ मध्ये बारुंगा येथे पंतप्रधान बॉब हॉक यांना अशाच चित्रांच्या चौकटीतले निवेदन देण्यात आले, त्यांनी करार करण्याचे आश्वासन दिले, आणि तो राष्ट्रीय करार आजतागायत झालेला नाही. निवेदन मात्र संसद भवनात लागले. चित्राचे श्रेय चित्राला द्यावे, कायद्याचे कायद्याला.

सिंधुसागर

वकीलसाहेब, पण तो कायदा कुठून आला? १९७१ च्या पराभवानंतर जो गदारोळ झाला, त्यातून वूडवर्ड आयोग नेमला गेला आणि आयोगाच्या शिफारशींवरून १९७६ चा नॉर्दर्न टेरिटरीचा भूमिहक्क कायदा आला. ज्या प्रदेशातून साल आली, त्याच प्रदेशात जमीन परत देणारा कायदा तेरा वर्षांनी झाला. सालीने एकटीने केले असे कुणीच म्हणत नाही. पण त्या अर्जापासून हे लोक 'संरक्षित' न राहता 'अर्जदार' झाले.

दुसरे उदाहरण त्याच योल्ङुंचे, आणि माझ्या आवडीचे, कारण माझे आयुष्य बंदरांवर गेले. १९९६ मध्ये ब्लू मड बे या खाडीच्या परिसरात, गारंगाली नावाच्या पवित्र जागी, एका वडीलधाऱ्या माणसाला बेकायदा मासेमारी करणाऱ्यांचा तळ सापडला आणि तिथे गोणपाटात मगरीचे कापलेले डोके. तेथील कुळासाठी मगर म्हणजे बारू, त्यांचा पूर्वज. मुलखाच्या देवळात कुणी देवाचे शीर कापून ठेवावे, तसे ते होते. त्यावर ४७ चित्रकारांनी सालीवर ८० चित्रे काढली. त्यांत किनारा कुठे संपतो, गोडे पाणी खाऱ्याला कुठे मिळते, कोणत्या प्रवाहावर कोणाचा अधिकार आहे, हे सगळे मांडले. पुढे समुद्रहक्काच्या दाव्यात याच चित्रांचा आधार घेतला गेला. जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने, जे तिकडचे सर्वोच्च न्यायालय आहे, निकाल दिला की भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील पाण्यावरही जमीनधारक आदिवासींच्या परवानगीशिवाय मासेमारी करता येणार नाही. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला तो लागू झाला. आपल्याकडच्या कोळी बांधवांनी हा निकाल अवश्य वाचावा.

मुग्धा_कॅनबेरा

सिंधुसागर काका, मगरीची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की पंचनामा कोणी केला. मी म्हटले, बाबा, ती ८० चित्रे हाच पंचनामा.

निशिगंध_एलए

ऑस्ट्रेलियाबाहेरचे एक उदाहरण देते, कारण प्रत्येक चित्र काही न्यायालयासाठी नसते. २०२१ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्जजवळच्या वाळवंटात निकोलस गॅलानिन या अलास्कातील त्लिंगिट आणि उनांगाख कलावंताने 'इंडियन लँड' (म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची जमीन) ही दोन शब्दांची पांढरी अक्षरे उभी केली. उंची ४५ फूट, घडण हुबेहूब हॉलिवूडच्या डोंगरावरील पाटीसारखी. कामाचे नाव 'नेव्हर फरगेट'. ती मूळची पाटी १९२३ मध्ये 'हॉलिवूडलँड' अशी लागली होती आणि ती घरबांधणीच्या भूखंडांची जाहिरात होती. 'लँड' ही शेवटची चार अक्षरे १९४९ मध्ये काढली गेली. गॅलानिनने गाळलेला तोच शब्द परत आणून उभा केला.

ही जागा काहुइया लोकांची. रेल्वेला जमीन देताना सरकारने तेथील मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा कापला, एक चौकोन रेल्वेला आणि शेजारचा आदिवासींना. शहराचा मोठा भाग आजही त्यांच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने उभा आहे. मी मुलांना घेऊन गेले होते. वारा इतका होता की अक्षरांच्या मागच्या लोखंडी सांगाड्याचा करकर आवाज येत होता. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "मग आपले घर कोणाच्या जमिनीवर आहे?" त्या दिवसापर्यंत हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता.

दत्ता_सांगली

निशिगंधताई, राग मानू नका, पण हे मला न्गुराराच्या पंक्तीला बसवता येत नाही. ती अक्षरे दोन महिन्यांनी उतरवली गेली असतील. तिथे कोणी उभे राहून "हे माझे पाणी" असे म्हटले नाही, आणि कलावंतही त्या मुलखाचा नव्हे, अलास्काचा. फोटो काढून लोक परतले असतील.

निशिगंध_एलए

दत्ताभाऊ, राग कसला? अक्षरे तात्पुरती होती हे खरे आहे. पण गॅलानिनने तिथेच न थांबता जमीनमालकांना जमीन प्रत्यक्ष परत करण्याचे आवाहन केले आणि नेटिव्ह अमेरिकन लँड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेसाठी निधी उभारायची मोहीम चालवली. ही आदिवासींनी चालवलेली संस्था पवित्र जागा चक्क विकत घेऊन राखते. २००२ मध्ये तिने मोहावी वाळवंटातील ओल्ड वुमन पर्वतरांगेत २,५६० एकर घेतले. न्गुरारातील माणसे न्यायाधीशांशी बोलत होती. इथे जो मालक बनून बसला आहे त्याच्याशी, म्हणजे माझ्यासारखीशी, बोलणे चालले होते. ऐकणारा वेगळा असला की बोलण्याची रीतही वेगळी होते.

रानवाट_जव्हार

बराच काळ फक्त वाचत होतो. आता लिहावेसे वाटले, कारण मी वारली आहे आणि गावोगावच्या ग्रामसभांबरोबर वनहक्काचे दावे तयार करण्याचे काम करतो.

आमच्याकडे लग्नात सुवासिनी भिंत गेरूने सारवून तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. आम्ही 'लिहितात' असेच म्हणतो, 'काढतात' असे म्हणत नाही. त्यात पालघाट देवी असते, तिच्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर पोहोचली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि आमची मान उंच झाली. पण आज वारली चित्र उड्डाणपुलाच्या खांबांवर आहे, कपांवर आहे, साड्यांवर आहे. आणि ज्या पाड्यांतून ते आले, तेथील कित्येकांचे प्लॉटचे दावे अजून कार्यालयांत पडून आहेत. चित्र शहरात गेले, पण जमिनीचा कागद पाड्यावर आला नाही. मुग्धाताईंच्या प्रश्नातील दुसरी बाजू मला रोज दिसते.

तरी एक अनुभव सांगतो. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये पुरावा म्हणून केवळ सरकारी कागद मागितलेले नाहीत. जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाबही चालतात. एका पाड्यावर सामूहिक हक्काचा नकाशा करायचा होता. आम्ही मोठा कागद आणि रंगीत पेन घेऊन गेलो, पण कोणी पेन हातात धरेना. मग एका आजींनी अंगण झाडून घेतले, घरातून पिठाची वाटी आणली आणि खाली बसल्या. पहिली रेघ आमच्यापैकी कोणाला अपेक्षित होती तशी गावठाणाची नव्हती. त्यांनी आधी ओहोळ लिहिला, मग ओहोळाच्या उगमाशी वाघदेवाची जागा, मग मोहाची झाडे एकेक मोजून. एका झाडावर त्या थांबल्या, दुसऱ्या म्हातारीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे तुमचं, तुम्ही लिही." आणि वाटी तिच्याकडे सरकवली. रेवाताईंनी सांगितलेला नियम, की दुसऱ्याच्या भागावर उभे राहून बोलायचे नाही, तो मी वाचला तेव्हा मला त्या दोघी आठवल्या. आम्ही त्या अंगणाचा फोटो काढला आणि त्यावरून नकाशा केला. संध्याकाळी कोंबड्यांनी पीठ टिपून खाल्ले. दावा मात्र दाखल झाला.

अनुराधा_के

रानवाट दादा, हे वाचून डोळ्यांत पाणी आले. त्या दाव्याचे पुढे काय झाले?

रानवाट_जव्हार

उपविभागीय स्तरावरील समितीकडे आहे. दोनदा त्रुटी काढून परत आला, आम्ही दोनदा भरून दिला. आजी आहेत अजून.

रांचीकर

झारखंडच्या खुंटी भागात २०१७-१८ मध्ये हिरव्या रंगाच्या उभ्या दगडांवर पेसा कायद्याच्या (आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि राज्यघटनेच्या तरतुदी लिहून ते गावाच्या वेशीवर रोवले गेले. मुंडा लोकांत पूर्वजांसाठी दगड उभा करण्याची जुनी चाल आहे, तिचेच हे रूप होते. त्यासाठी लोकांवर राजद्रोहाचे गुन्हे नोंदवले गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने ते मागे घेण्याचा निर्णय घेतला. ही जमीन परत मागणे नव्हे, असलेली राखणे आहे, म्हणून लांबवत नाही. पण दगडावरच्या अक्षरांना सरकार इतके घाबरले, याची नोंद इथे असावी.

अश्विनी_चित्रशाळा

चित्रकलेची विद्यार्थिनी म्हणून एक चिंता मांडते. मालकी सिद्ध करण्यासाठी आपली पवित्र चित्रे परक्यांपुढे उघडी करावी लागणे, हाही एक अन्यायच नाही का? योल्ङुंच्या चित्रांना बाहेरचा अर्थ आणि आतला अर्थ असतो, आणि आतला अर्थ दीक्षा झालेल्यांनाच कळतो. संसदेत टांगलेल्या सालीवरची रेघ सगळ्यांना दिसते, पण तिची जाळी कोणत्या कुळाची आहे, ती कोणत्या पाण्याची लाट आहे, हे मला कधीच कळणार नाही. मला त्यात त्यांचे शहाणपणही दिसते. त्यांनी दस्तऐवज दाखवला, पण किल्ली स्वतःकडे ठेवली. मात्र ज्याला दस्तऐवज वाचायचा आहे त्याने ही भाषा शिकण्याची तसदी घ्यावी, अशी अपेक्षा कोणत्याच न्यायालयाने स्वतःकडून केली नाही.

वकीलसाहेब_शिरवळ

अश्विनी, तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. आणि रानवाट यांच्या अंगणानंतर माझ्या पहिल्या प्रतिसादातील "जमीन खाणीत गेली, घडले ते असे" हे वाक्य मला अपुरे वाटू लागले, म्हणून पुढचे शोधून वाचले. १२ मार्च २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या त्याच सर्वोच्च न्यायपीठाने गुमाच कुळाच्या दाव्यात निर्णय दिला की त्यांचा भूमिहक्क ही घटनेच्या अर्थाने मालमत्ता आहे आणि ती न्याय्य भरपाईशिवाय हिरावून घेता येत नाही. हा दावा त्याच गोव्ह द्वीपकल्पाचा, ज्याच्यासाठी १९६३ ची साल रंगवली होती. मूळ अर्जदारांपैकी बहुतेक जण हा निकाल ऐकायला उरले नाहीत. सातबारा या शब्दावरचा आक्षेप मात्र कायम ठेवतो.

मुग्धा_कॅनबेरा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबा परवा पुण्याला परतले. जाण्यापूर्वी हा सगळा धागा मी त्यांना दोन संध्याकाळी वाचून दाखवला आणि वकीलसाहेबांचा आक्षेपही सांगितला. ते हसले नाहीत की रागावले नाहीत, म्हणाले, "वकील बरोबर बोलतात. मी चुकीचा नमुना सांगितला." मग त्यांनी कागद मागवला.

त्यांचे म्हणणे असे. सातबाऱ्याच्याही आधी, मूळ मोजणीच्या वेळी, शेताचे टिपण होत असे. मोजणीदार साखळी घेऊन बांधावरून प्रत्यक्ष चालत जाई आणि चालता चालता हाताने आकृती काढी. त्यात बांध कसा वळतो, ओढा कुठे आहे, खुणेचा दगड कुठे आहे, हे असे. नावे बदलतात, सातबारे बदलतात, संगणकावर चुका होतात, पण हद्दीचा वाद विकोपाला गेला की शेवटी भूमी अभिलेखच्या कपाटातून मूळ टिपण काढावे लागते. "सालीवर आहे ते टिपण," बाबा म्हणाले. "चालून काढलेलं. फक्त आपल्या टिपणाला मोजणीदार सरकारचा असतो, यांचा घरचा आहे."

त्यांनी मागवलेल्या कागदावर आमच्या मूळ गावच्या शेताचे टिपण काढले. ते शेत १९८४ मध्ये विकले गेले. विहीर, तिच्याकडे जाणारी पाऊलवाट, आणि वाटेवरचे एक बाभळीचे झाड, जे मी कधी पाहिलेले नाही. रानवाट दादा, बाबांनी विचारले आहे की आजींच्या दाव्यातली त्रुटी नेमकी कोणत्या कलमाखाली काढली आहे. त्यांना ते पत्र पाहायचे आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.